ऑकलंडला निघालेल्या तिघांसाठी

प्रश्न : आम्ही तिघं आयटीआयपासूनचे मित्र. हिंगण्याच्या एमआयडीसीत वेल्डिंग-फॅब्रिकेशनचं काम करतो. जुलैत कामासाठी न्यूझीलंडला, ऑकलंडला चाललोय. मुंबईहून रात्री साडेअकराचं विमान आहे. सकाळी साडेसातला सिंगापूर, तिथं तीन तास थांबून पुढचं विमान, आणि ऑकलंडला मध्यरात्री सव्वाबाराला उतरायचं. मुंबईपासूनचं तिकीट एकच आहे, ते कंपनीनं काढलंय. नागपूर ते मुंबई आमचं आम्हाला बघायचंय. तिघांपैकी कोणी आजवर विमानात बसलेलं नाही. एकाची कंबर दुखते, एकाला खर्ऱ्याशिवाय (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाशिवाय) चार तास निघत नाहीत आणि मी सहा फूट दोन इंच आहे. एवढा वेळ बसायचं कसं? तिसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचंय.
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आधी नागपूर-मुंबईचं पक्कं करा, कारण जुलैत सगळ्यात मोठा घोळ तिथंच होऊ शकतो. तुमचं मुंबईपुढचं तिकीट वेगळं आहे. सोनेगावहून दुसऱ्या तिकिटावर मुंबईला उडालात तर देशांतर्गत विमानात साधारण १५ किलोच सामान फुकट जातं. परदेशाच्या तिकिटावर ३० किलो मिळत असेल, तर वरच्या १५ किलोंचे पैसे नागपुरातच भरावे लागतील. ते विमान उशिरा पोचलं आणि पुढचं चुकलं, तर पुढची कंपनी जबाबदारी घेत नाही. त्यापेक्षा रात्रीची रेल्वे बरी : दुरांतो, विदर्भ किंवा सेवाग्राम. स्लीपर आणि थ्री एसीत माणशी ४० किलो सामान चालतं. पण जुलैत कसाऱ्याच्या घाटात दरड येते, मुंबईत रुळांवर पाणी साचतं, आणि सकाळी पोचणारी गाडी संध्याकाळी पोचू शकते. म्हणून विमानाच्या दिवशी सकाळी पोचणारी गाडी घेऊ नका. एक दिवस आधीची घ्या, रात्र कल्याण-डोंबिवलीकडे कोणा नातेवाइकाकडे किंवा लॉजवर काढा. सीएसएमटी किंवा दादरकडे असाल तर तिथून मेट्रो ३ थेट टी२ ला, म्हणजे परदेशी विमानं सुटतात त्या टर्मिनलला, जाते. मोठ्या बॅगा घेऊन लोकलमध्ये, तेही गर्दीच्या वेळी, चढायच्या भानगडीत पडू नका. टी२ वर रात्री आठपर्यंत पोचा. सामान घेणारा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो आणि त्यानंतर कितीही विनवण्या केल्या तरी उघडत नाही.

काउंटरवर तिघांनी एकत्र उभं राहा, पण सामान आणि कागद ज्याचे त्याच्याकडे ठेवा. मित्रांच्या प्रवासात नेहमी काय होतं? जो बोलायला धीट असतो त्याच्याकडे तिघांचे पासपोर्ट जातात, वजन जुळवायला एकाची लोणच्याची बरणी दुसऱ्याच्या बॅगेत जाते. पुढं ऑकलंडला फॉर्मवर प्रत्येकाला विचारतात की बॅगेत काय आहे ते तुम्हाला माहीत आहे का. ज्याच्या नावाचा टॅग, जबाबदारी त्याची. तेव्हा वजनाची वाटणी मानेवाड्यातच, काट्यावर करा. एका बॅगेचं वजन ३२ किलोंच्या वर कधीच नको. प्रत्येकाच्या खांद्यावरच्या पिशवीत स्वतःची फाईल हवी : पासपोर्ट, व्हिसाची छापील प्रत, नोकरीचा करार, राहायचा पत्ता, कंपनीच्या माणसाचा फोन, औषधांची चिठ्ठी. बॅग दिल्यावर टॅगवरची अक्षरं वाचा. तिथं ऑकलंडचं ‘एकेएल’ असलं पाहिजे. फक्त सिंगापूरचं ‘एसआयएन’ दिसलं तर तिथल्या तिथं सांगा. बॅग सिंगापूरला उतरली तर ती घ्यायला इमिग्रेशन ओलांडावं लागेल आणि त्यासाठी भारतीय पासपोर्टला साधारणपणे व्हिसा लागतो. दोन्ही विमानांचे बोर्डिंग पास मुंबईतच मागून घ्या.

जागा वेब चेक-इन उघडताच निवडा. बऱ्याच कंपन्या ते ४८ किंवा २४ तास आधी उघडतात. लांब पल्ल्याच्या बऱ्याचशा विमानांत रांग तीन-तीन-तीन असते. तिघांना खिडकीकडचा गट आवडतो, पण तिथं दोघं अडकतात. उठायचं म्हटलं की बाहेरच्याला उठवावं लागतं, मग संकोचानं माणूस उठतच नाही आणि पाणी पिणंही टाळतो. तुम्ही मधला गट घ्या. त्याला दोन्ही बाजूंनी वाट असते. कंबरवाला एका कडेला, तुम्ही दुसऱ्या कडेला, खर्रेवाला मध्ये. लांब विमानात पहिल्या पाच तासांनंतर तुम्ही आणि तो जागा बदला. कंबरवाल्याची कड मात्र हलवू नका. आपत्कालीन दारापाशी पाय पसरायला जागा असते, पण ती बहुतेक पैसे घेऊन देतात. तिथं हातांचे दांडे वर होत नाहीत, दाराची गार हवा लागते आणि सूचना समजून मदत करायची तयारी असावी लागते. पैसे खर्चायचेच असतील तर दहा तासांच्या विमानात खर्चा, पहिल्यात नको.

आता शरीराचं. विमानातल्या हवेचा दाब १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवतात. कमी दाबात पोटातला वायू फुगतो, साधारण चौथ्या हिश्शानं वाढतो. म्हणून निघायच्या दिवशी तर्री-पोहे नकोत, तर्रीतले चणेच पुढं त्रास देतात. सावजी, राजमा, कोबी, सोड्याच्या बाटल्याही नकोत. वरणभात, मुगाची खिचडी, दहीभात घ्या. जेवण निवडायचं असेल तर निदान २४ तास आधी, तिघांनी आपापल्या बुकिंगवर कळवा. ‘हिंदू मील’ म्हणजे शाकाहारी असं समजू नका, त्यात कोंबडी किंवा मटण येतं. शाकाहारी असाल तर ‘एशियन व्हेजिटेरियन’ निवडा. जागा बदलून बसलात तर हवाई सुंदरीला सांगा, नाहीतर तुमचं ताट दुसऱ्याकडे जातं.

केबिनची हवा फार कोरडी असते, आर्द्रता १०-२० टक्क्यांच्या आसपास. तासाला एक छोटा ग्लास, म्हणजे १५०-२०० मिली पाणी पुरेसं आहे. एकदम लिटरभर पिऊन उपयोग नाही. ओठांना आणि नाकाच्या कडेला व्हॅसलीन लावा. सिंगापूर ते ऑकलंड अंगात जाड स्वेटर आणि पायांत सुती मोजे हवेत. जुलैत ऑकलंडला हिवाळा असतो, रात्री पारा सात-आठ अंशांवर येतो. जॅकेट खालच्या बॅगेत गेलं तर विमानतळाबाहेर कुडकुडत उभं राहावं लागेल.

पाय. चार तासांहून जास्त बसून प्रवास केला की पिंडरीच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात नोंदलंय. निरोगी माणसात हा धोका मुळातच लहान आहे, सुमारे ६,००० त एक. उंची १९० सेंटिमीटरच्या वर गेली की तो थोडा वाढतो. तुम्ही १८८ च्या आसपास आहात, तेव्हा दुर्लक्ष करू नका. जागे असताना दर तासाला बसल्या जागी टाचा टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, असं ३० वेळा करा. दर दोन तासांनी उठून मागच्या टोकापर्यंत जाऊन या. पाय एकावर एक टाकून झोपू नका, आणि समोरच्या सीटखाली पिशवी कोंबून पायांची जागा घालवू नका. पूर्वी कोणाला गाठ झाली असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर मोजे-गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. उतरल्यावर पुढच्या काही आठवड्यांत एकाच पायाची पिंडरी सुजली, दुखली, गरम लागली किंवा दम लागायला लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

वजन वाचवायला बरेच कामगार स्टीलचे सेफ्टी बूट पायात घालून निघतात. ते करू नका. तपासणीत ते वाजतात, काढायला लावतात, आणि पाय सुजल्यावर पुन्हा चढत नाहीत. सैल बुटांत या. सेफ्टी बूट खालच्या बॅगेत, आणि ते कसे धुवायचे ते पुढं सांगतो. पाने, स्क्रूड्रायव्हर, वेल्डिंगचं हेल्मेट हेही खालीच. पॉवर बँक मात्र नेमकी उलट : ती फक्त हातातल्या पिशवीत, १०० वॅट-तासांच्या आत. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॅट-तासांची असते, ती चालते. पण विमानात तिच्यावर फोन चार्ज करायला आता बऱ्याच कंपन्या मनाई करतात, म्हणून सीटला लावायची केबल जवळ ठेवा. घरून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या देतील, त्या घेऊ नका. खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं म्हणून विमानात मनाई आहे.

कंबरेला बहुतेक वेळा सीट नडते ती मागच्या पोकळीमुळे. लहान टॉवेल गुंडाळून पट्ट्याच्या उंचीवर पाठीशी ठेवायचा, इतका जाड की कणा सरळ राहील पण पोट पुढं ढकललं जाणार नाही. अर्ध्या तासानं तो काढायचा, अर्ध्या तासानं परत ठेवायचा. एकाच स्थितीत कितीही चांगलं बसलं तरी स्नायू आखडतात. सीट मागं करायची तर थोडीच. झोपताना मान एका बाजूला लोंबू देऊ नका, कॉलरची उशी पुढून बांधा. आणि वरच्या कप्प्यात त्यानं पिशवी टाकूच नये. ते काम तुमचं, उंची आहे तुमची. कंबर वळवून सात किलो डोक्यावर उचलणं हीच त्याच्यासाठी सर्वांत वाईट हालचाल आहे. नेहमीची दुखण्याची गोळी हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटासह आणि चिठ्ठीसह. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेलं काही असेल तर ते नियंत्रित औषधांत येतं, चिठ्ठीशिवाय नेऊ नका.

खर्ऱ्याचं तुम्ही चार तास म्हणालात, पण हिशेब वेगळा आहे. मुंबईत तपासणी ओलांडल्यापासून ऑकलंडच्या दाराबाहेर पडेपर्यंत बावीस तासांच्या आसपास जातात. विमानात चघळायला-थुंकायला जागा नाही. सिंगापुरात चघळायची तंबाखू आत न्यायला कायद्यानं बंदी आहे, आणि न्यूझीलंडमध्ये ती विकायलाच बंदी आहे. म्हणजे खर्ऱ्याची पन्नी खिशात नेऊन प्रश्न सुटत नाही, पुढं ढकलला जातो. तंबाखू थांबली की काही तासांतच चिडचिड, डोकेदुखी, अस्वस्थपणा सुरू होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो सर्वांत जास्त असतो. नेमकं तेव्हा कामाचा पहिला दिवस येतोय. शेवटच्या दिवशी सोडायला जाऊ नका. आजपासून कमी करा : आधी सकाळचा पहिला खर्रा तासभर पुढं ढकलायचा, मग दिवसातले निम्मे करायचे, आणि निघण्याच्या निदान आठवडाभर आधी पूर्ण निकोटिन गमवर यायचं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत तलफ येत असेल तर ४ मिलिग्रॅमचा, नाहीतर २ चा. केमिस्टकडे मिळतो, पण रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

गम खायची पद्धत चुकली की लोक ‘याचा उपयोग नाही’ म्हणून टाकून देतात. खर्ऱ्यासारखा सतत चघळून रस गिळला तर उचकी, छातीत जळजळ, मळमळ होते. हळूहळू दहा-पंधरा वेळा चावायचा. तिखट झणझण आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा. चव गेली की पुन्हा चार-सहा वेळा चावायचा. असा अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, कोला नको, त्यांच्या आंबटपणामुळे निकोटिन तोंडातून शोषलं जात नाही. दर दीड-दोन तासांनी एक. तोंडाला चाळा हवा असेल तर वेलदोडा, लवंग. पण उरलेली सुपारी, बडीशेप, वेलदोडा उतरण्याआधी विमानातच टाकून द्या. त्या वनस्पतीच्या वस्तू आहेत आणि खिशात विसरल्या तरी गुन्हा धरला जातो. तुम्ही दोघांनी एवढंच करा : तो चिडला तर त्याला बोलू द्या आणि त्या वेळी वाद घालू नका.

झोपेचं गणित तिघांनी एकच पाळा, यात वेगवेगळे राहिलात तर एकमेकांना उठवाल. जुलैत ऑकलंडचं घड्याळ आपल्या साडेसहा तास पुढं असतं. विमानात बसताच घड्याळ तिकडचं लावा, पण गेटची वेळ मात्र सिंगापूरची, तीही आपल्या अडीच तास पुढं. मुंबईत रात्री नऊला विमानतळावरच हलकं जेवा. पहिल्या विमानात बसताच झोपा. साडेपाच तासांच्या उड्डाणात जेवणाच्या गाडीसाठी जागे राहिलात तर दोन तासही झोप होत नाही. पट्टा पांघरुणाच्या वरून बांधा, म्हणजे धक्के लागले तरी तपासायला कोणी उठवत नाही. दुसरं विमान सुटतं तेव्हा ऑकलंडला दुपारचे अडीच वाजलेले असतात. त्यात जेवल्यावर फार तर दीड तास डुलकी घ्या आणि मग उतरेपर्यंत जागे राहा. हे जड जाईल. पण इथं दिवसभर झोपलात तर खोलीवर पोचून पहाटे तीनला टक्क डोळ्यांनी छताकडे बघत पडाल. झोपेची गोळी नको, ती घेऊन माणूस तासन् तास हलत नाही आणि पायांचा धोका वाढतो.

मित्रांबरोबरच्या पहिल्या विमानप्रवासात झोप जाते ती गप्पांनी आणि फुकटच्या दारूनं. दारूनं झोप तुटक लागते, तहान वाढते आणि माणूस पाय हलवायचं विसरतो. दारू पिऊन विमानात आरडाओरडा झाला तर आपल्याकडच्या नियमांनुसार उड्डाणबंदी लागू शकते, आणि तुमचा व्हिसा कामाचा आहे. तिघांनी आधीच ठरवा : या प्रवासात दारू नाही. इअरफोन कानात घातला म्हणजे त्याच्याशी बोलायचं नाही, हेही ठरवून टाका. राग धरायचं कारण उरत नाही.

सिंगापूरला उतरताच आधी फलकावर पुढचं गेट बघा, टर्मिनल वेगळं असेल तर टर्मिनलांना जोडणारी स्कायट्रेन आहे. मग तोंड धुणं, चालणं. तीन तासांत निदान चाळीस मिनिटं चाला, पुढच्या दहा तासांसाठी हीच उत्तम तयारी आहे. तिथं बहुतेक गेटवरच तपासणी होते, त्यामुळे पाण्याची बाटली गेटच्या आधी रिकामी करावी लागते. पाणी पिऊन घ्या. आडवं व्हायचं असेल तर एकानं जागं राहायचं, आलटून पालटून. तिघंही एकदम खुर्चीत झोपले आणि गेट बंद झालं, हे मित्रांच्या गटातच जास्त होतं, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा जागा आहे.

विमान खाली यायला लागतं ते टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी. तेव्हा झोपू नका. गिळत राहा, जांभई द्या. कान बंद वाटला तर नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हळूच हवा ढकला. सर्दी असेल तर नाक मोकळं करायचा स्प्रे उतरायच्या तासभर आधी मारा.

आणि आता न्यूझीलंडचा जो नियम नागपूरकरांना सर्वांत महागात पडतो तो. तिथं शेती आणि जनावरांना रोग येऊ नये म्हणून बाहेरून येणाऱ्या अन्नावर, मातीवर, बियांवर फार कडक तपासणी असते. प्रत्येकानं आपलं ट्रॅव्हलर डिक्लेरेशन ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे, निघण्याच्या २४ तास आधीपासून भरता येतं. एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. त्यात खाण्याची प्रत्येक वस्तू ‘आहे’ म्हणून सांगा. सांगितलं तर फार तर वस्तू काढून घेतात. लपवली किंवा विसरली तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. संत्री नेऊ नका, संत्रा बर्फी नेऊ नका, कारण ताजी फळं आणि दुधाची मिठाई अडवतात. मधही नको. सावजी मसाला, चिवडा न्यायचा तर कारखान्यातला, पॅकबंद, लेबलसकट, खालच्या बॅगेत आणि फॉर्मवर लिहून. आईनं डब्यात बांधून दिलेलं सिंगापूरपर्यंत संपवा. विमानात मिळालेलं सफरचंद पिशवीत राहून दंड झालेले लोक कमी नाहीत. सेफ्टी बुटांच्या तळव्यातली हिंगण्याची माती तारेच्या ब्रशनं काढा, साबणानं धुवा, दोन दिवस वाळवा, आणि फॉर्मवर वापरलेले बूट आहेत असं लिहा.

इमिग्रेशनवर तिघांना वेगवेगळं बोलावतात. इंग्रजी येणाऱ्यानं पुढं होऊन तिघांचं सांगायचं, असं तिथं चालत नाही. म्हणून मालकाचं नाव, कामाचं पद, पगार, राहायचा पत्ता ही चार उत्तरं प्रत्येकानं स्वतःची पाठ करून ठेवा, करारात आहेत तशीच.

खोलीवर पोचून झोपा, गजर सकाळी दहाचा. पहिल्या दिवशी पडदे अकरापर्यंत बंद ठेवा. तुमच्या शरीरात तेव्हा नागपूरची पहाट असते, आणि त्याआधी डोळ्यांत उजेड गेला तर आतलं घड्याळ पुढं जायच्या ऐवजी मागं जातं. अकरा ते दोन बाहेर फिरा, ढग असले तरी चालेल. दुसऱ्या दिवशी दहापासून, तिसऱ्या दिवशी नऊपासून. चहा दुपारी दोननंतर नको. आतलं घड्याळ दिवसाला जेमतेम तासभर सरकतं, त्यामुळे तिसऱ्या दिवशी कामावर सकाळी झोप येणारच. सुपरवायझरला पहिल्याच सकाळी तसं सांगा, आणि तो आठवडा उंचीवरचं वेल्डिंग, ग्राइंडर आणि गाडी चालवणं शक्य तेवढं टाळा. घरच्यांनाही वेळ सांगून निघा, नाहीतर नागपुरात रात्रीची जेवणं उरकून साडेआठला ते फोन लावतील आणि तिकडं पहाटेचे तीन वाजलेले असतील. पहिला आठवडा फोन तुम्हीच करा, ऑकलंडच्या दुपारी अडीचला. नागपुरात तेव्हा सकाळचे आठ वाजलेले असतात.